माणूस पाठवतो

पहिली रेघ ओढली बारा नोव्हेंबरला,
सकाळी सहा वीस.
पेननं नाही, पेन्सिलीनं.
ओल्यावर शाई फुटते,
हे नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं लिहून लिहून कळलेलं.

तेव्हा डाग वाटीएवढा होता,
उशीच्या वर दीड वीत,
पलीकडे बाथरूम.
खळदकरांना फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
मग थेट संक्रांतीला त्यांच्याकडून हलव्याचं चित्र,
गोड गोड बोला.
मी लिहिलं, काका, भिंत.
पुन्हा दोन निळ्या.

दिवसभर मी स्वारगेटच्या लॅबमध्ये रक्त काढते.
म्हातारे हात, उन्हानं रापलेले हात,
शीर लपवून बसलेले.
तिथं घाई चालत नाही.
मूठ घट्ट करा म्हणायचं, बोटानं चाचपत राहायचं,
कुठंतरी लागतेच हाताला.
रात्री धनकवडीला येऊन
तशीच भिंत चाचपते.
पोपडे हातात येतात.
आत कुठंतरी थेंब, थेंब,
कुणाच्या परवानगीवाचून.

चार डिसेंबर: बशी.
एकोणीस जानेवारी: ताट.
फेब्रुवारीत डागाला भांड्याचं नावच उरलं नाही.
रेघा मात्र ओढत गेले, एकीबाहेर एक,
शेजारी तारीख, वेळ, आद्याक्षरं.

फोन केला की म्हणतात, बघतो.
पुन्हा केला की, माणूस पाठवतो.
हा माणूस मला आता डोळ्यांपुढं दिसतो.
खांद्याला पिशवी, पिशवीत पाना,
होळीच्या आधी निघालेला,
कात्रजच्या चौकात अजून सिग्नलला उभा.

एका शनिवारी अर्धी रजा टाकून
मीच गेले रविवार पेठेत.
त्यांच्या दुकानात भिंतभर नळ लावलेले,
चकचकीत,
एकातूनही थेंब नाही.
खळदकर गल्ल्यावर.
ओळखलं नाही त्यांनी.
मला ते महिन्याच्या पाच तारखेला ओळखतात,
तेही बँकेच्या मेसेजमधून.

काय देऊ, ताई?
म्हटलं, अर्धा इंची पाइप, दोन एल्बो, टेफ्लॉन टेप.
जरा बरं द्या, भिंतीच्या आत जायचंय.
तर म्हणाले,
भिंतीच्या आत स्वस्तातलं कधी घालू नये.
दिसत नाही, पण घर तिथूनच जातं.
अगदी मनापासून म्हणाले.
दहा टक्के कमीही केले.
बिल कुणाच्या नावानं?

मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं,
वडिलांच्या नावासकट,
करारनाम्यावर आहे तसं.

पेन थांबलं.
मान वर झाली, खाली गेली.
मग पेन पुन्हा चालू लागलं.
पैसे घेतले. दहा टक्के वजा करूनच.

सोमवारी आठ वाजता बेल.
खळदकर, आणि मागं तो माणूस.
नाव मुश्ताक. पिशवी होती, पाना होता.
तुम्हाला कधी सांगितलं हो यांनी?
काल रात्री, म्हणाला.

खळदकर भिंतीपुढं उभे राहिले,
आतल्या रेघेपासून बाहेरच्या रेघेपर्यंत
ओठ हलवत वाचत गेले.
शेवटच्या तारखेवर बोट टेकवलं.
बोट ओलं झालं. ते त्यांनी शर्टाला पुसलं.
मला वाटलं, आता काही बोलतील.

मुश्ताकनं छिन्नी लावली.
सहाव्या ठोक्याला शीर लागली
आणि पाणी सरळ त्यांच्या अंगावर.

मी टॉवेल दिला.
चष्मा पुसता पुसता म्हणाले,
भिंतीवर लिहायला नको होतं तुम्ही.
रंगाचे पैसे डिपॉझिटमधून जातील.

मी म्हटलं, बघते.

प्लास्टर अजून ओलं आहे.
निजण्यापूर्वी कडेनं एक रेघ ओढली,
तारीख टाकली.
सवय.